डुकरांच्या प्रतिकारपेशींवर होणारा जिवाणू विषाचा परिणाम प्रयोगशाळेत कसा तपासावा

ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए या जिवाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसदाहात सुदृढ दिसणारे वाढत्या वयाचे डुक्कर कधी कधी एका दिवसात दगावते. नाकातोंडातून रक्तमिश्रित फेस येतो, आणि शवविच्छेदन केले असता फुप्फुसाचा मोठा भाग काळपट लाल, घट्ट व रक्ताने भरलेला दिसतो. त्यावर फायब्रिनचा थर चढलेला असतो आणि पुष्कळदा फुप्फुस बरगड्यांच्या आतल्या आवरणाला चिकटलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोशांत जमलेल्या पांढऱ्या पेशी लांबट, विस्कटलेल्या आणि मृत अवस्थेत आढळतात. जिवाणूचा नायनाट करण्यासाठी आलेल्या पेशीच तेथे मरून पडलेल्या असतात, आणि या मृत्यूला मुख्यतः जिवाणूने बाहेर सोडलेली विषे कारणीभूत असतात. अर्जेंटिनातील साथीवरून रिचर्ड शोप यांनी १९६४ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. डुकरांतील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा करणारे शास्त्रज्ञ ते हेच. त्या काळी हा जिवाणू हिमोफिलस गटात धरला जात असे, १९८३ मध्ये तो ॲक्टिनोबॅसिलस गटात आला.

पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर काम करणारे विद्यार्थी आणि निदान प्रयोगशाळांतील सहकारी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. जिवाणू वाढवलेले द्रावण पेशींवर घातले की पेशी मरतात, आणि एवढे दाखवायला एक दुपार पुरते. मात्र त्या पेशी नेमक्या कोणत्या घटकामुळे मेल्या हे सिद्ध करणे कष्टाचे काम आहे, आणि माझ्या मते प्रयोगाची खरी किंमत तेथेच ठरते. म्हणून पुढे कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांच्या, मांडणीला जाणीवपूर्वक जास्त जागा दिली आहे.

आधी विषाची ओळख

या जिवाणूची चार विषे ज्ञात असून ती एपीएक्स-१, एपीएक्स-२, एपीएक्स-३ आणि एपीएक्स-४ या नावांनी ओळखली जातात; पहिल्या तिघांना ही नावे १९९३ मध्ये मिळाली, तर एपीएक्स-४ चे वर्णन १९९९ मध्ये झाले. एपीएक्स-१ लाल पेशी जोरदार फोडते आणि प्रतिकारपेशींनाही अतिशय घातक असते. एपीएक्स-२ दोन्ही बाबतींत त्यापेक्षा सौम्य आहे. एपीएक्स-३ लाल पेशींना हात लावत नाही, परंतु डुकराच्या वायुकोशातील मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी) आणि न्यूट्रोफिल (संसर्गाच्या जागी लवकर पोहोचणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांना मारण्यात ते अत्यंत प्रभावी ठरते. एपीएक्स-४ केवळ जनावराच्या शरीरात तयार होते आणि नेहमीच्या माध्यमात वाढवलेल्या जिवाणूत मिळत नाही, त्यामुळे पेशींवरील प्रयोगासाठी ते द्रावणात शोधत बसू नये. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा उपयोग मात्र नैसर्गिक संसर्ग झालेला कळप ओळखण्यासाठी एलायझा या प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत चांगला होतो.

ही विषे आरटीएक्स कुळातील आहेत. या कुळातील प्रथिनांत ग्लायसीनने भरलेले नऊ अमिनो आम्लांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ते कॅल्शियम धरून ठेवतात. कॅल्शियम नसेल तर प्रथिनाची योग्य घडी बसत नाही आणि विष निष्प्रभ राहते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की जनुकाच्या ए भागापासून तयार झालेले प्रथिन स्वतः विषारी नसते. सी भागापासून तयार झालेले विकर त्याच्या ठरावीक लायसीनवर मेदाम्ल जोडते, तेव्हाच ते सक्रिय होते. बी आणि डी भागांतील प्रथिने त्याला पेशीबाहेर नेतात. या दोन्ही गोष्टी केवळ परीक्षेसाठी लक्षात ठेवण्याच्या नाहीत, कारण पुढे प्रयोगातील सर्वांत विश्वासार्ह कंट्रोल त्यांच्यावरच उभे राहतात.

सक्रिय विष पांढऱ्या पेशीच्या पटलावरील बीटा-२ इंटिग्रिन या प्रथिनाला, त्यातही सीडी-१८ या भागाला, चिकटते. एपीएक्स-३ साठी डुकराचे सीडी-१८ अत्यावश्यक असल्याचे दिसून आले आहे, आणि म्हणूनच हे विष गायीच्या किंवा माणसाच्या पेशींवर तसा परिणाम करत नाही. पटलात छिद्र पडल्यावर कॅल्शियम आत घुसते, पोटॅशियम बाहेर जाते, पेशी फुगते आणि आतील द्रव्य, त्यात लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे विकरही, बाहेर सांडते. बाहेर आलेल्या या विकरावरूनच पुढे पेशींचा मृत्यू मोजला आहे. विषाचे प्रमाण कमी असेल तर पेशी फुटत नाही, पण तिचे वागणे बदलते; त्याचा विचार शेवटी केला आहे.

जिवाणूचा प्रकार निवडताना त्यात कोणती विषे आहेत हे आधी पाहावे. सिरोव्हार (आवरणातील फरकांवरून पाडलेले जिवाणूचे उपप्रकार) १, ५, ९ आणि ११ यांत सामान्यतः एपीएक्स-१ व एपीएक्स-२ असतात. २, ४, ६ आणि ८ यांत एपीएक्स-२ व एपीएक्स-३. १० आणि १४ यांत फक्त एपीएक्स-१. ७ आणि १२ यांत फक्त एपीएक्स-२. एका विषाचा स्वतंत्र परिणाम पाहायचा असेल तर सिरोव्हार १० आणि सिरोव्हार ७ ही सोयीची निवड आहे. एपीएक्स-३ बाबत ही सोय नाही, कारण नेहमीच्या संदर्भ जातींत (स्ट्रेनमध्ये) त्याच्यासोबत एपीएक्स-२ ची जनुकेही असतात. तेथे जनुक काढून टाकलेली जात किंवा ई. कोलायमध्ये तयार केलेले प्रथिन वापरावे लागते. शेतावरून आलेल्या नमुन्यात अपवाद आढळतात, म्हणून सिरोव्हारवरून विष गृहीत न धरता पीसीआरने जनुके पाहूनच पुढे जावे.

पेशी मिळवणे आणि त्यांची पारख

वायुकोशातील मॅक्रोफेज मिळवण्यासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या निरोगी पिलाचे फुप्फुस सर्वांत चांगले. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी हातात असल्याशिवाय हे काम सुरू करू नये. कत्तलखान्यातील फुप्फुसही वापरता येते, परंतु तेथे श्वासनळीत रक्त व गरम पाणी शिरलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि पेशींची अवस्था त्याप्रमाणे बदलते.

भारतात येथे एक अतिरिक्त काळजी घ्यावी लागते. पीआरआरएस हा डुकरांत प्रजनन व श्वसनाचा रोग करणारा विषाणू नेमका वायुकोशातील मॅक्रोफेजमध्येच वाढतो आणि देशात त्याची साथ २०१३ मध्ये मिझोराममध्ये प्रथम नोंदली गेली. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणूही मॅक्रोफेजमध्ये वाढतो आणि तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. पेशी आधीच विषाणूग्रस्त असतील तर त्या आपोआप मरतील आणि दोष विषावर जाईल, शिवाय आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा नमुना साध्या प्रयोगशाळेत हाताळणे हा गंभीर जैवसुरक्षेचा प्रश्न होईल. म्हणून ज्या कळपातून जनावर घ्यायचे, तो या दोन्ही रोगांपासून मुक्त असल्याची पीसीआर चाचणीने खात्री करून घ्यावी. त्या कळपाला मायकोप्लाझ्माचा संसर्ग आहे का, हेही विचारावे.

फुप्फुस श्वासनळीसह अखंड काढून, बाहेरून थंड बफरने धुऊन, श्वासनळीतून कॅल्शियम व मॅग्नेशियम नसलेले थंड फॉस्फेट बफर हळूहळू सोडावे. दोन्ही हातांनी फुप्फुस हलकेच चोळावे, द्रव परत ओढून घ्यावा आणि ही कृती काही वेळा करावी. निरोगी फुप्फुसातून येणारा द्रव किंचित धुरकट आणि वर फेस असलेला असतो. तो गुलाबी असेल तर लाल पेशी मिसळल्या आहेत हे ओळखावे. हा गुलाबीपणा किरकोळ समजू नये: लाल पेशींतही लॅक्टेट डीहायड्रोजिनेज भरपूर असते, आणि एपीएक्स-१ लाल पेशी फोडत असल्याने त्यांतून आलेले विकर मॅक्रोफेजच्या मृत्यूच्या खात्यावर जमा होते. द्रव निर्जंतुक गाळणीच्या कापडातून गाळावा, ४०० जी वेगाने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावा, अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने लाल पेशी थोड्या वेळात फोडून लगेच दोनदा धुवावे.

पेशी ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मृत पेशींना चढणाऱ्या निळ्या रंगाने, मोजाव्यात. ९० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर त्या दिवशी विषाचा प्रयोग करू नये, असे मी ठामपणे सांगेन. स्लाइडवर गिम्सा रंगाने पाहिल्यास मॅक्रोफेज मोठ्या, भरपूर पेशीद्रव असलेल्या आणि एका बाजूला केंद्रक सरकलेल्या दिसतात. त्यांच्यामध्ये न्यूट्रोफिल लक्षणीय संख्येने असतील तर त्या पिलाच्या फुप्फुसात आधीच दाह सुरू होता. शक्य असेल तेथे सीडी-१६३ आणि सीडी-१८ या खुणा फ्लो सायटोमेट्रीने पाहाव्यात. उरलेल्या पेशी १० टक्के डीएमएसओ घालून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. एकाच पिलाच्या पेशींच्या अनेक कुप्या असल्या तर वेगवेगळ्या दिवशीचे निष्कर्ष एकमेकांशी ताडता येतात. ३डी४/२१ ही डुकराच्या मॅक्रोफेजपासून तयार केलेली पेशीमालिकाही उपलब्ध आहे, आणि जनावर न मारता काम होत असल्याने ती प्राथमिक चाचण्यांसाठी स्वागतार्ह आहे; मात्र आपल्याकडील कुपीतल्या पेशींवर सीडी-१८ पुरेसे आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

न्यूट्रोफिल हव्या असतील तर रक्त घेऊन घनता-स्तरावर वेगळ्या कराव्या लागतात. डुकराच्या रक्तात लिम्फोसाइटचे प्रमाण न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असते, त्यामुळे माणसाच्या रक्तासाठी लिहिलेल्या कृतीतून अपेक्षेपेक्षा कमी पेशी हाती येतात. न्यूट्रोफिल अल्पायुषी असून गोठवून ठेवता येत नाहीत. सकाळी काढल्या तर त्याच दिवशी वापराव्यात.

विष तयार करणे

हा जिवाणू बहुतेक वेळा एनएडी या सहविकराशिवाय वाढत नाही. ब्रेन हार्ट इन्फ्युजन माध्यमात दर मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम एनएडी घालावे; एनएडी उष्णतेने खराब होत असल्याने ते ऑटोक्लेव्हमध्ये न घालता गाळून निर्जंतुक करावे आणि माध्यम थंड झाल्यावरच मिसळावे. कॅल्शियम क्लोराइड १० मिलिमोलार इतके घातल्यास विषाची निर्मिती आणि स्थिरता दोन्ही सुधारतात. ३७ अंश सेल्सिअसवर हलवत वाढवावे आणि दर अर्ध्या तासाने ६०० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजून वाढीचा आलेख काढावा.

येथे सर्वाधिक चुका होतात. रात्रभर वाढवलेले दाट द्रावण अधिक विषारी असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती उलट आहे. वाढीचा वेग मंदावू लागण्याच्या थोडे आधी विषाची क्रिया सर्वाधिक असते; त्यानंतर प्रथिन गोळा होऊन बसते आणि विघटित होते, आणि मेलेल्या जिवाणूंचा कचरा मात्र द्रावणात वाढत जातो. म्हणून प्रत्येक जातीसाठी एकदा दर तासाचा नमुना घेऊन लाल पेशी फोडण्याची क्षमता किंवा मॅक्रोफेजवरील परिणाम तपासावा आणि तीच वेळ पुढे कायम ठेवावी. एपीएक्स-३ लाल पेशी फोडत नसल्याने त्याची वेळ रक्तावरच्या चाचणीने ठरवता येत नाही, हे विसरू नये.

जिवाणू ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या, प्रथिने कमी शोषणाऱ्या गाळणीतून गाळावे. साध्या नायट्रोसेल्युलोज गाळणीत विषाचा मोठा भाग अडकू शकतो. गाळलेले द्रावण बर्फावर ठेवून त्याच दिवशी वापरणे उत्तम. साठवायचेच असेल तर ग्लिसरॉल घालून लहान लहान भाग करावेत, ते उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. पुढच्या कंट्रोलसाठी हेच माध्यम, त्याच एनएडी, कॅल्शियम व ग्लिसरॉलसह, जिवाणू न घालता तयार करून सोबत ठेवावे.

प्लेटची मांडणी आणि कंट्रोल

९६ वेलच्या (लहान खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये ५० हजार ते १ लाख मॅक्रोफेज घालून दोन तास चिकटू द्याव्यात, न चिकटलेल्या पेशी धुऊन काढाव्यात आणि माध्यम बदलावे. चाचणीच्या वेळी फेनॉल रेड नसलेले माध्यम घ्यावे, कारण त्याचा रंग वाचनात मिसळतो. सीरम शक्यतो टाळावे किंवा अगदी कमी ठेवावे. त्यात मुळातच लॅक्टेट डीहायड्रोजिनेज असते. डुकराचे सीरम तर मुळीच घालू नये. निरोगी दिसणाऱ्या डुकरांतही या विषांविरुद्ध प्रतिपिंडे सर्रास आढळतात, कारण ॲक्टिनोबॅसिलस सुइस हा डुकरांच्या घशात व नाकात वास्तव्य करणारा जिवाणूही जवळपास तशीच विषे तयार करतो, आणि ही प्रतिपिंडे प्रयोगातील विष गुपचूप निकामी करून टाकतात.

माध्यमातील कॅल्शियमकडेही लक्ष द्यावे. नेहमीच्या आरपीएमआय-१६४० मध्ये कॅल्शियम सुमारे ०.४ मिलिमोलार असते, तर डीएमईएममध्ये १.८. आरपीएमआयमध्ये फॉस्फेट जास्त असल्याने त्यात वरून भरमसाट कॅल्शियम घातले तर साका बसतो आणि वाचन बिघडते. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा सर्वप्रथम माध्यम कोणते होते हे विचारावे.

विष दुप्पट पटीने विरळ करत १:२ पासून १:१०२४ पर्यंत न्यावे, प्रत्येक प्रमाणासाठी तीन वेल ठेवावेत आणि एक, दोन व चार तासांनी वाचन घ्यावे. आता कंट्रोल. केवळ पेशी व माध्यम, आणि ट्रायटन एक्स-१०० ने पूर्ण फोडलेल्या पेशी, हे दोन कंट्रोल सर्वच जण ठेवतात. तेवढ्याने विषाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. जिवाणूविरहित माध्यम त्याच प्रमाणात घातलेले वेल हवेत, कारण दाट माध्यम नाजूक पेशींना स्वतःच त्रास देते. तापवून निष्प्रभ केलेले द्रावण हवे: एपीएक्स विषे उष्णतेने नष्ट होतात, परंतु जिवाणूच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे तापवलेल्या द्रावणातही पेशी मरत असतील तर मृत्यूचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. पॉलिमिक्सिन बी घालून लिपोपॉलिसॅकराइड बांधून टाकलेले वेल याच प्रश्नाचे उत्तर उलट बाजूने देतात. हा भेद करणे आवश्यक आहे, कारण लिपोपॉलिसॅकराइड एकटे पेशी फारशी फोडत नसले तरी विषाचा परिणाम वाढवते.

ईजीटीए घालून कॅल्शियम काढून घेतलेले वेल ठेवल्यास आरटीएक्स विषाचा संशय बळावतो. पण ईजीटीएमुळे चिकटलेल्या पेशी सुटू लागतात, म्हणून ईजीटीए घातलेल्या, विष न घातलेल्या पेशीही शेजारी असाव्यात. सीडी-१८ वर बसणाऱ्या प्रतिपिंडाने पेशी आधी झाकल्या आणि मृत्यू घटला, तर विष कोणत्या दारातून आत शिरते तेही कळते.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका कंट्रोल ई. कोलायमध्ये तयार केलेल्या प्रथिनाचा आहे. ए जनुक सी जनुकासोबत दिले तर सक्रिय विष मिळते, आणि ए जनुक एकटेच दिले तर तेच प्रथिन मेदाम्लाविना, निष्क्रिय स्थितीत मिळते. दोन्ही एकाच पद्धतीने शुद्ध केली तर त्यांतील लिपोपॉलिसॅकराइडची भेसळ, मीठ, बफर आणि प्रथिनाचे वजन जवळपास सारखे राहते. फरक राहतो तो फक्त मेदाम्लाचा. एकाने पेशी मरतात आणि दुसऱ्याने मरत नाहीत, हे दाखवता आले की निष्कर्षावर आक्षेप घ्यायला फारशी जागा उरत नाही. ज्या प्रयोगशाळेत जनुक काढून टाकलेली जात उपलब्ध आहे तेथे तीही वापरावी, आणि ते जनुक परत दिल्यावर विषारीपणा परत येतो का हेही पाहावे.

आकडेमोड

लॅक्टेट डीहायड्रोजिनेजची रंगचाचणी ४९० नॅनोमीटरवर वाचली जाते. पहिल्यांदा पूर्ण फोडलेल्या पेशींची संख्या बदलत जाऊन वाचन सरळ रेषेत वाढते की नाही ते पाहावे. रेषा वर जाऊन सपाट होत असेल तर पेशी कमी घ्याव्यात किंवा द्रव विरळ करावा. मृत्यूची टक्केवारी काढण्यासाठी विष घातलेल्या वेलच्या वाचनातून आपोआप मरणाऱ्या पेशींचे वाचन वजा करावे, आणि त्याला पूर्ण फोडलेल्या व आपोआप मरणाऱ्या पेशींच्या वाचनांतील फरकाने भागून १०० ने गुणावे.

मात्र प्रत्येक वाचनातून त्याचे स्वतःचे, पेशी नसलेले वाचन आधी वजा केले पाहिजे. समजा, विष घातलेल्या वेलचे वाचन ०.९४ आहे, आपोआप मरणाऱ्या पेशींचे ०.२२ आणि पूर्ण फोडलेल्या पेशींचे १.४२. थेट हिशेब केला तर ०.७२ भागिले १.२० म्हणजे ६० टक्के मृत्यू येतो. आता पेशी नसलेल्या वेलकडे पाहावे: विषाचे द्रावण एकटे ०.१६, साधे माध्यम ०.१०, ट्रायटन घातलेले माध्यम ०.१२. ही वजाबाकी केल्यावर तीन आकडे अनुक्रमे ०.७८, ०.१२ आणि १.३० होतात, आणि मृत्यू ०.६६ भागिले १.१८ म्हणजे सुमारे ५६ टक्के निघतो. येथे फरक चार टक्क्यांचाच आहे, परंतु विष फार विरळ नसलेल्या, मृत्यू कमी असलेल्या वेलमध्ये याच चुकीमुळे नसलेला परिणाम असल्यासारखा दिसू शकतो.

एकट्या लॅक्टेट डीहायड्रोजिनेजवर थांबू नये. प्रोपिडियम आयोडाइडने पटल फाटलेल्या पेशी थेट मोजता येतात. पेशी फुटून मरतात की नियोजित मृत्यूच्या मार्गाने जातात, हा प्रश्न एपीएक्स-१ बाबत महत्त्वाचा आहे, कारण कमी प्रमाणात ते मॅक्रोफेजमध्ये कॅस्पेज-३ हे नियोजित मृत्यू घडवणारे विकर सक्रिय करून दुसऱ्या मार्गानेही मृत्यू घडवते. त्यासाठी ॲनेक्सिन-५ (पटलाच्या आतल्या बाजूचे मेद बाहेर आले की त्यांना चिकटणारे प्रथिन) वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात: ॲनेक्सिनला चिकटण्यासाठी कॅल्शियम लागते, म्हणून ईजीटीए पूर्ण धुऊन काढावे, आणि पटलात छिद्रे पडलेल्या पेशीत ॲनेक्सिन आत शिरून आतल्या बाजूला चिकटते, म्हणून दोन्ही रंग घेतलेल्या पेशींवरून निष्कर्ष काढू नये. सुरुवातीच्या वेळेत फक्त ॲनेक्सिन घेणाऱ्या पेशी आणि कॅस्पेजची चाचणी, असे दोन्ही एकत्र पाहावे.

न मेलेल्या पेशींचे वागणे

जनावराच्या फुप्फुसात विषाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. जिवाणूंच्या वसाहतीजवळ पेशी फुटतात, तर थोड्या अंतरावरील पेशी जिवंत राहूनही बिघडतात. विषाच्या अल्प मात्रेने न्यूट्रोफिल चिथावल्या जातात, ऑक्सिजनची दाहक संयुगे व कणांतील विकरे बाहेर फेकतात, आणि त्याच वेळी जिवाणू गिळण्याची त्यांची क्षमता घटते. फुप्फुसाची नासाडी करण्यात या बिथरलेल्या पेशींचा वाटा मोठा असतो, आणि म्हणून केवळ मृत्यू मोजणारा प्रयोग रोगाचे अर्धेच चित्र देतो.

यासाठी आधीच्या प्रयोगातून मृत्यू १० टक्क्यांहून कमी असलेले प्रमाण निवडावे. ल्युमिनॉलच्या साहाय्याने पेशींतून येणारा प्रकाश मोजून ऑक्सिजन संयुगांची निर्मिती पाहता येते. वाचन पहिल्या मिनिटापासून सलग घ्यावे, कारण उसळी लवकर येते आणि ओसरते. गिळण्याची क्षमता पाहण्यासाठी चमकणारा रंग लावलेले झायमोसान कण द्यावेत, बाहेर चिकटलेल्या कणांची चमक ट्रिपॅन ब्लूने झाकावी, आणि सायटोकॅलेसिन डी (गिळणे थांबवणारे रसायन) घातलेल्या पेशी कंट्रोल म्हणून ठेवाव्यात. प्रत्येक वेळी त्याच वेलमधील मृत्यूही नोंदवावा. नाहीतर गिळणे घटले की पेशी कमी झाल्या, हे सांगता येत नाही.

सीरमची तपासणी

हीच मांडणी उलटवली की कळपाच्या सीरममध्ये विष निकामी करणारी प्रतिपिंडे किती आहेत हे मोजता येते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रयोगाचा सर्वांत थेट उपयोग हाच आहे. केवळ मारलेल्या जिवाणूंपासून बनवलेली लस प्रामुख्याने त्याच सिरोव्हारपुरते संरक्षण देते, कारण बाहेर स्रवणारी विषे अशा लशीत पुरेशी नसतात. एपीएक्स-१, २ व ३ यांचा समावेश असलेल्या लशी याच कारणाने पुढे आल्या. लस दिल्यानंतर एलायझात प्रतिपिंडे दिसली तरी ती विषाला अडवतातच असे नाही.

सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून घ्यावे आणि दुप्पट पटीने विरळ करावे. त्यात मॅक्रोफेजपैकी सुमारे ८० टक्के मारणारे विषाचे प्रमाण मिसळून ३७ अंशांवर एक तास ठेवावे, मग मिश्रण पेशींवर घालावे. विष गरजेपेक्षा जास्त घेतले तर चांगली प्रतिपिंडेही दुबळी दिसतात आणि कमी घेतले तर साधे सीरमही प्रभावी भासते, म्हणून त्याच प्लेटवर विषाचा स्वतंत्र आलेख प्रत्येक वेळी काढावा. मृत्यू निम्म्यावर आणणारे सर्वांत विरळ प्रमाण हे त्या सीरमचे टायटर धरावे. प्रत्येक विषासाठी चाचणी वेगळी करावी. एपीएक्स-२ विरुद्ध उच्च टायटर आणि एपीएक्स-३ विरुद्ध जवळपास काहीच नाही, असा कळप सिरोव्हार २ च्या संसर्गापुढे सुरक्षित समजू नये. पिलांचे सीरम असेल तर वय नक्की लिहावे, कारण चिकातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात आणि त्या वेळचे टायटर आईचे की पिलाचे स्वतःचे, हे वयाशिवाय ठरवता येत नाही.

जिवाणू, विषाचे द्रावण आणि वापरलेल्या प्लेट या दुसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा व्यवस्थेत हाताळून ऑटोक्लेव्ह केल्यावरच टाकाव्यात. नोंदवहीत जातीचे नाव व विषांची पीसीआर फलिते, द्रावण काढले त्या वेळचा गढूळपणा, पिलाचा क्रमांक, पेशींची जिवंत टक्केवारी, माध्यमातील कॅल्शियम आणि सर्व कंट्रोलची मूळ वाचने टक्केवारीसोबत लिहावीत.